एकटीने काशीला जायचंय? पोचायचा प्लॅन कर, फिरायचा नको

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय २०, राहणार डोंबिवली, डिसेंबरात सेमिस्टर संपली की पाच दिवस एकटीने काशीला जायचंय, आयुष्यातली पहिलीच एकटीची ट्रिप, खिशात बारा हजार. आई म्हणते ग्रुपबरोबर जा नाहीतर जाऊच नको, आजी म्हणते काशी ही काय तुझ्या वयात जायची जागा आहे का. आणि तुला हवंय रोज काय बघायचं त्याचं आयटिनररी, शिवाय तिथे फसवतात म्हणे ते खरं का.

शेवटचं आधी सांगते. हो, फसवतात. पण गोड बोलून, अर्धा तास तुझ्याशी गप्पा मारून, चहा पाजून फसवतात, आणि बहुतेक वेळा रक्कम शंभर ते पाचशेच्या मधली असते. मीही फसलेय, पुढे सांगते.

मी २००४ पासून ग्रुप घेऊन काशी-प्रयाग-गया करते, वर्षाला दोन-तीन खेपा होतात. म्हणजे धंद्याच्या हिशोबाने मी तुला 'आईचं ऐक' असंच सांगायला हवं. पण अगं वीस वर्षांच्या मुलीने आमच्या ग्रुपमध्ये येऊन करायचं काय, सकाळी सहाला चहा, साडेसहाला बस, काकांच्या गुडघ्यांच्या हिशोबाने दर्शन आणि रात्री हॉटेलात पिठलं-भात. एकटीच जा. 'काशीस जावे नित्य वदावे' असं वदत वदत आपल्याकडची माणसं सत्तरीला येतात आणि मग माझ्याकडे बुकिंग करतात, तोवर घाटाच्या पायऱ्या उतरायचं बळ संपलेलं असतं आणि मग वरूनच नमस्कार.

आयटिनररी मात्र मी देणार नाहीये. इतक्या वर्षांत मी जे बघितलंय ते असं की नवख्या माणसाची ट्रिप बिघडते ती पहिल्या तीन-चार तासांत, कुठल्या स्टेशनला उतरलो, किती वाजता उतरलो आणि शेवटचं अर्धा किलोमीटर कसं गेलो यात. एकदा खोलीत बॅग ठेवून अंघोळ झाली की मग काशी काही अवघड नाही, ती पायी फिरायची आहे आणि ती तुला आपोआप फिरवते. म्हणून मी पोचण्यावरच जास्त लिहिणार आहे, कंटाळा करू नको.

तर ट्रेन. तुमच्याकडून सोयीची म्हणजे महानगरी, सीएसएमटीहून रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी सुटते, कल्याणला तू चढशील तेव्हा एक वाजत आलेला असेल. इथे पहिला खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेय. बारा दहा म्हणजे तारीख बदललेली असते. तिकिटावर १४ डिसेंबर असेल तर तुला १३ तारखेला रात्री जेवून घरातून निघायचंय. माझ्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत मी बावीस माणसं घेऊन दादरच्या प्लॅटफॉर्मवर उभी, कुणाच्या हातात फराळाचे डबे, कुणाची पोचवायला आलेली नातवंडं, आणि गाडीच्या चार्टवर आमचं एकही नाव नाही. आमची गाडी बरोबर चोवीस तासांपूर्वी आमच्याशिवाय निघून गेली होती. काशीला जायच्या आधीच आमच्या ट्रिपची काशी झाली ती अशी. चूक माझीच होती, पैसे मीच भरले, तेव्हापासून तिकीट काढलं की त्यावर पेनाने 'निघायचं: अमुक वारी रात्री' असं लिहून ठेवते. तूही लिही.

दुसरं, ही गाडी पोचते दुसऱ्या रात्रीनंतरच्या पहाटे, म्हणजे चांगला अंधार असताना. साधारण सत्तावीस-अठ्ठावीस तासांचा प्रवास आहे, दीड हजार किलोमीटर. डिसेंबर मध्यापासून पुढे उत्तरेत जे धुकं पडतं त्याने गाड्या तीन तास, सहा तास, कधी दहा तास लेट होतात. तुझ्या बाबतीत लेट झाली तर उलट बरंच, उजाडल्यावर उतरशील. पण वेळेवर पोचली तर? तर बाहेर पडायचं नाही. एसी किंवा स्लीपरचं तिकीट आहे ना, मग महिलांच्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसायचं, तोंड धुवायचं, चहा प्यायचा, आणि चांगलं उजाडलं की सात वाजता निघायचं. पहाटे चार वाजता स्टेशनबाहेर जे रिक्षावाले असतात त्यांच्याशी तुझा पहिला व्यवहार व्हायला नको, एवढाच मुद्दा आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारी सुटणारी कामायनी पण आहे, ती स्टेशनं जास्त घेते आणि तीही धुक्यात लटकते, तेव्हा वेळापत्रक बघून तुझं तू ठरव.

रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस होतं ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून बदललं. म्हणजे डिसेंबरच्या मध्याचं तिकीट ऑक्टोबरच्या मध्यात. तत्काळवर राहू नको, आणि राहिलीसच तर तुझं अकाउंट आधारने व्हेरिफाय केलेलं असायला लागतं, ऐनवेळी ओटीपी खेळत बसशील. स्लीपर काढत असशील तर कोट्याच्या जागी 'लेडीज' निवडून बघ, एकट्या बाईसाठी स्लीपरमध्ये सहा बर्थ राखीव असतात आणि कित्येक मुलींना हे माहीतच नसतं, जनरलमध्ये वेटिंग दिसतं म्हणून सोडून देतात. बर्थ वरचा घे, दिवसभर कुणी 'जरा सरकता का' म्हणत नाही. डब्यात काही त्रास झाला तर १३९.

आता स्टेशन. वाराणसीत तुझ्या कामाची स्टेशनं चार आणि पाचवं नदीपलीकडे. मेन म्हणजे वाराणसी जंक्शन, तिथले लोक त्याला कँट म्हणतात, कोड बीएसबी. दुसरं बनारस, जे आधी मंडुआडीह होतं आणि २०२१ मध्ये नाव बदललं, त्याचा कोड बीएसबीएस. एक 'एस' इकडेतिकडे. मग वाराणसी सिटी आणि काशी, ही दोन लहान. आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय म्हणजे जुनं मुगलसराय, ते गंगेच्या पलीकडे पंधरा-सोळा किलोमीटरवर. हे वाईट नाही, तिथून रिक्षा मिळतात, पण रात्री तिथे उतरून 'काशी आली' समजणारी माणसं मी पाहिलीत. तुझी गाडी कुठल्या स्टेशनला थांबते ते तिकिटावर बघ आणि तिथपासूनचा हिशोब कर.

राहायचं कुठे. सगळे सांगतील दशाश्वमेध घाटाजवळच्या गल्लीत राहा, फील येतो. फील येतो हे खरंय, पण पहिल्या खेपेला, एकटीने, पाठीवर बॅग घेऊन तिथे पोचणं म्हणजे गोदौलिया चौकात गाड्या अडवलेल्या असतात, पुढे पायी, आणि गल्ल्या अशा की समोरून बैल आला तर तुला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. मॅप तिथे गोंधळतो, निळा ठिपका घरांच्या भिंतीतून उड्या मारतो. आणि तू थांबून फोनकडे बघितलंस की दहा सेकंदात एक पोरगा येतो, 'दीदी कहाँ जाना है', तुला हॉटेलला सोडतो आणि हॉटेलकडून कमिशन घेतो जे तुझ्याच बिलात येतं. म्हणून तू अस्सीला राहा. अस्सी घाट दक्षिणेच्या टोकाला, रिक्षा जवळपास दारापर्यंत येते, बीएचयू म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठ जवळ असल्याने तुझ्या वयाची पोरं-पोरी रात्रीपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर दिसतात, मुलींची वेगळी डॉर्म असलेली होस्टेल्स आहेत. डॉर्मचा बेड साधारण चारशे ते सातशे धर. गल्लीतला फील पाहिजेच असेल तर शेवटच्या एक-दोन रात्री तिकडे शिफ्ट हो, तोवर तुला गल्ल्या कळलेल्या असतील.

आणि धर्मशाळेचा विचार करत असशील, आजीच्या ओळखीची वगैरे, तर आधी फोन करून एक प्रश्न सरळ विचार: 'अकेली लड़की को कमरा देते हैं ना?' कारण तीर्थाच्या गावी एकट्या माणसाला खोली न देण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, बाई असो की पुरुष. बुकिंग घेतात आणि दारात नाही म्हणतात. पहिल्या दिवशी हा अपमान कशाला.

रिक्षात बसलीस की ड्रायव्हर हमखास म्हणेल 'वो होटल तो बंद हो गया' किंवा 'उधर पानी भरा है, मेरे पहचान का दिखाता हूँ'. तू म्हणायचं 'मेरी बहन वहीं रुकी है, अभी बात हुई'. खोटं बोललीस तरी चालेल, गंगा जवळच आहे. बसायच्या आधी भाडं ठरव आणि ते 'पूरे ऑटो का' आहे की 'सवारी का' हे दोनदा वदवून घे. शेअर ई-रिक्षा स्वस्त आहेत, पहिल्या दिवशी बॅगेसकट नको, नंतर त्यांनीच फिर.

एक गोष्ट मुंबईकडच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. काशी आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला आहे, आपलं घड्याळ ज्या रेषेवर चालतं ती शेजारच्या मिर्झापूरजवळून जाते. त्यामुळे डिसेंबरात तिथे सव्वापाचच्या आत सूर्य बुडतो, घरी अजून उन्हं असतात तेव्हा तिथे दिवे लागलेले असतात. तुझ्या डोक्यात 'सातच्या आत घरात' असेल तर तिथलं सात म्हणजे पक्की रात्र. दशाश्वमेधची संध्याकाळची आरती बघून साडेसातला परत येणं काही अवघड नाही, तेव्हा गर्दी असतेच, पण येताना घाटाने अंधारात एकटी चालत येऊ नको, वर रस्त्यावर ये आणि रिक्षा पकड. उलट सकाळी मात्र उजाडलं की बिनधास्त घाटाने चाल, तेव्हा घाटावर अंघोळीला आलेल्या बाया, पंडे, योगावाले, क्रिकेटवाली पोरं सगळे असतात.

आणि थंडी. आठ-दहा डिग्री, नदीचा वारा. डोंबिवलीचा स्वेटर पुरत नाही, जॅकेट आणि कानटोपी घे, लाजू नको.

आता फिरणं. पहिल्या दिवशी काहीही बघू नको. खरंच. अस्सीवर बस, चहा पी, झोप. दुसऱ्या दिवशी पहाटे अस्सीवर 'सुबह-ए-बनारस' असतं, २०१४ पासून सुरू आहे, आरती, मग शास्त्रीय गाणं किंवा वादन, मग योगा. फुकट आहे आणि संध्याकाळच्या दशाश्वमेधच्या आरतीपेक्षा मला स्वतःला हेच आवडतं, तिकडे आजकाल आरतीपेक्षा मोबाईलचे स्क्रीन जास्त दिसतात. गंगा काशीत उलटी म्हणजे उत्तरेकडे वाहते, घाट सगळे पश्चिम काठावर, त्यामुळे सूर्य थेट समोर पलीकडच्या वाळूतून वर येतो. धुकं असेल तर येतच नाही, नुसता एक केशरी डाग दिसतो, तोही चांगला असतो.

मग तिथूनच उत्तरेला चालायला लाग. अस्सी ते दशाश्वमेध अडीच-तीन किलोमीटर, नुसतं चाललं तर पाऊण तास, पण तू तीन तास लाव. आधी तुळशी घाट, तिथे तुलसीदास राहिले. वरच्या अंगाला भदैनीला झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे, तांब्यांची मनू, आणि मनू म्हणजे मणिकर्णिका, पुढे लागणाऱ्या मोठ्या स्मशानघाटाचंच नाव. पुढे चेतसिंग घाटाचा किल्ला. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने काशीच्या राजाला चेतसिंगला याच वाड्यात अटकेत ठेवलं होतं, शहर खवळलं, मारामारी झाली आणि राजा नदीकडच्या खिडकीतून खाली उतरून होडीने पळाला. खाली उभी राहून वर बघ, कुठल्या खिडकीतून उतरला असेल याचा अंदाज कर, किती उंच आहे ते कळेल.

त्यानंतर हरिश्चंद्र घाट लागतो, तिथे चिता जळत असतात. तुला आधी सांगून ठेवते कारण नकाशावर लक्षात येत नाही आणि माणूस एकदम समोर जाऊन उभा राहतो. घाबरायचं कारण नाही, मोठ्याने बोलायचं नाही, फोन खिशात, वरच्या बाजूने शांतपणे पुढे जायचं. फोटो अजिबात नाही. ते कुणाचे तरी वडील असतात.

पुढे केदार घाट, मग नारद घाट, तिथे जोडप्याने अंघोळ केली तर भांडणं होतात अशी समजूत आहे, तू एकटी आहेस, निवांत बस. मग दरभंगा, मुन्शी, आणि अहिल्याबाई घाट. काशी विश्वनाथाचं आत्ताचं देऊळ १७८० मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधवलं हे शाळेत असतं, पण हा घाट त्यांच्या नावाचा आहे आणि त्याला लागूनच शीतला आणि दशाश्वमेध आहेत हे तिथे उभं राहिल्यावर जाणवतं, म्हणजे काशीच्या अगदी छातीवर आपली माणसं बसलीयेत. पुढे मणिकर्णिकेपलीकडे शिंदे घाट, मग नागपूरकरांचा भोसले घाट, आणि पंचगंगेच्या पुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट.

या ब्रह्मा घाटाच्या मोहल्ल्यात एक सकाळ राखून ठेव. दशाश्वमेधपासून पुढे तिथवर टूरिस्ट फार जात नाहीत. शेकडो वर्षांची मराठी वस्ती आहे, दारावरच्या पाट्या वाचत जा. मी एकदा तिथे रस्ता चुकून उभी होते, वरच्या खिडकीतून एक आजी म्हणाल्या, 'काय हो, कोणाकडे आलात? उजवीकडून उतरा, इकडे सीढ़ी टूटी आहे.' हे असं मराठी, क्रियापद आपलं आणि पायरी त्यांची. चहाला वर बोलावलं. त्यांच्या घराण्यातलं कुणी गेल्या तीन पिढ्यांत महाराष्ट्रात राहिलेलं नाही आणि देव्हाऱ्यात जेजुरीचा खंडोबा. आपल्या एकनाथांनी भागवतावरची टीका, म्हणजे एकनाथी भागवत, १५७३ मध्ये काशीतच पुरी केली, गागाभट्ट इथलेच, हिंदी पत्रकारितेतलं मोठं नाव बाबूराव पराडकर, तेही याच काशीतले मराठी. बिस्मिल्ला खाँ जिथे तासन् तास शहनाईचा रियाज करायचे ते बालाजी मंदिरही इथेच जवळ. आणि हेही लक्षात ठेव की आपल्याकडच्या कितीतरी विधवा एकेकाळी याच गल्ल्यांत 'काशीवासा'ला आणून ठेवलेल्या असायच्या, कुणाला वयाच्या विसाव्या वर्षी. तिथली एक म्हण आहे की सांड, सीढ़ी आणि संन्यासी यांच्यापासून वाचला त्यानेच काशी सेवावी. म्हणीत सगळ्यात पहिला अजून एक शब्द आहे, तो या बायकांवरून आलाय, म्हणून मी तो गाळते. बाकीचे तीन मात्र आजही लागू आहेत, विशेषतः सीढ़ी, शेवाळाने निसरडी असते, खालच्या ओल्या पायऱ्यांवर चपला काढून सुद्धा जपून. पोहता येतं म्हणून पाण्यात उतरू नको, पायरी संपते तिथे एकदम खोल आहे.

आता माझी फसवणूक. पहिल्या खेपेला मणिकर्णिकेवर एक सभ्य दिसणारा माणूस भेटला, म्हणाला मी गाइड नाही, इथे सेवा करतो, या वरून नीट दिसेल. बाजूच्या एका पडक्या इमारतीच्या गच्चीवर नेलं, छान माहिती सांगितली, इतकी वर्षं आग विझलेली नाही वगैरे. मग म्हणाला खाली म्हाताऱ्या बाया मरणाची वाट बघत राहतात, त्यांना लाकडं घ्यायला पैसे नाहीत, एक मण लाकडाचं दान करा. तोवर दोन माणसं जिन्यात येऊन उभी. मी पाचशे दिले आणि उतरले. गरीब म्हाताऱ्यांना त्यातलं किती पोचलं ते ती गंगामाईच जाणे. नियम एकच, मणिकर्णिकेवर कुणीही 'वरून दाखवतो' म्हटलं की जायचं नाही. बघायचंच असेल तर होडीतून बघ.

होडीचं भाडं ठरवायची एक पद्धत आहे. दशाश्वमेधवर ठरवू नको, तिथे भाव चढे असतात, अस्सीवरून घे. आदल्या दिवशी होस्टेलवर विचार की आज काय चाललंय. मग नाववाल्याशी चार गोष्टी एका दमात बोलायच्या: कुठून कुठे, किती वेळ, पूर्ण नाव की माणशी, आणि चप्पूवाली म्हणजे वल्ह्याची की मोटरवाली.

'भैया, अस्सी से मणिकर्णिका, आना-जाना, शेयरिंग में, कितना?'
तो काहीतरी आकाशातला आकडा सांगेल.
'कल तो लोग कम में गए.'
'दीदी कल पुरवाई नहीं थी.'
पुरवाई म्हणजे पूर्वेचा वारा, आणि तो खरोखर असेल तर वल्हवायला जड जातं, त्यामुळे हे अगदीच खोटं नसतं. हसायचं, दोन पावलं पुढे जायचं, तो हाक मारतो. चप्पूवाली मिळाली तर तीच घे, मोटरच्या फटफटीत काही ऐकू येत नाही. पैसे उतरल्यावर, आधी नाही.

विश्वनाथाच्या दर्शनाला जाताना फोन, स्मार्टवॉच, इअरफोन, अगदी पेनसुद्धा खोलीवरच ठेव. आत नेता येत नाही, आणि बाहेर 'लॉकर फ्री' म्हणणारे दुकानदार त्या बदल्यात प्रसादाची टोपली गळ्यात मारतात जिची किंमत शेवटी कळते. फक्त थोडी रोकड आणि आधार. २०२१ मध्ये देऊळ ते गंगा असा कॉरिडॉर झाल्यापासून गंगेच्या बाजूने पण आत जाता येतं. सोमवार टाळ. लवकर दर्शन पाहिजे तर मंदिर ट्रस्टच्या साइटवर 'सुगम दर्शन' आहे, गल्लीतल्या कुणा पंडितजीला त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत. कपाळाला गंध लावायला किंवा मनगटाला धागा बांधायला कुणी हात पुढे केला की तू हात मागे घे, संकल्प सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही, आपल्याला संकोच वाटतो आणि ते त्यांना माहीत असतं. तारखांचं एक सांगते, २४ डिसेंबर ते २ जानेवारी जाऊ नकोस, अर्धा भारत तिथे असतो आणि भाव दुप्पट.

सारनाथला अर्धा दिवस दे, दहा किलोमीटर. फक्त शुक्रवारी जाऊ नको, म्युझियम बंद असतं, आणि म्युझियमशिवाय सारनाथ म्हणजे मिठाशिवाय आमटी. नोटेवर आणि पासपोर्टवर जे चार सिंह आहेत ते मूळचे तिथे आहेत, दारातून आत शिरलीस की समोर, माणसाहून उंच, आणि दगडाला अशी झिलई की बोट लावावंसं वाटतं (लावू नको, ओरडतात). अशोकाचा दगड, सव्वादोन हजार वर्षं झाली. ज्या खांबावर ते होते त्याचा बुंधा बाहेर धामेक स्तूपाच्या आवारात आहे, दोन्ही बघ. बीएचयूचं भारत कला भवन वेळ असेल तर, रविवारी बंद. रामनगरचा किल्ला धुळकट आहे, नाही गेलीस तर चालेल.

खाणं. सकाळी दहाच्या आत कचोरी-भाजी आणि जिलबी, नंतर उरत नाही. संध्याकाळी टमाटर चाट, जी नावात चाट असली तरी गरम, तुपात परतलेली, वर पाक. आणि डिसेंबरात जातेयस तर मलइयो. हे फक्त थंडीत मिळतं आणि फक्त सकाळी. आटवलेलं दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळतात आणि वरचा नुसता फेस काढतात, केशर-वेलची घालून. कुल्हडात पिवळा ढग भरून देतात, वर पिस्त्याचे काप. चमचा घातला की वजनच लागत नाही, तोंडात ठेवेपर्यंत गेलेलं असतं, जिभेवर फक्त केशर आणि गारवा उरतो आणि तू रिकाम्या चमच्याकडे बघत बसतेस. मग तळाशी थोडं केशरी दूध ओतून देतात, ते पी. उन्हं वर आली की फेस बसतो, म्हणून उशिरा उठणाऱ्यांना मलइयो नाही.

ठंडाई पिताना मात्र स्पष्ट म्हण 'बिना भांग, सादी'. तिथे भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत, कुणाला त्यात गैर वाटत नाही, आणि 'हल्की सी' म्हणजे किती हे त्यांचं त्यांना माहीत. माझ्या ग्रुपमधले एक रिटायर्ड हेडमास्तर 'हल्की सी' पिऊन चार तास घाटाच्या एकाच पायरीवर बसून पाढे म्हणत होते. त्यांच्यासोबत आम्ही वीस जण होतो. तुझ्यासोबत कुणी नसेल, म्हणून नको.

बजेट बारा हजारात आरामात बसतं. जाऊन-येऊन थर्ड एसी साडेतीन हजाराच्या आसपास, डॉर्म अडीच-तीन, खाणं रोज चार-पाचशे, बाकी रिक्षा-होड्या. साडीसाठी पैसे नेऊ नको, आणि रिक्षावाला 'बुनकर की फैक्टरी दिखाता हूँ, सिर्फ देखना है' म्हणाला तर त्याचं कमिशन ठरलेलं असतं. आईला साडी पाहिजेच असेल तर पुढच्या खेपेला तिलाच घेऊन जा.

आईचं काय करायचं ते सांगते, कारण खरी परमिशन तिथेच अडकलीय. 'मी मोठी झालेय' हे वाद घालून पटत नाही. एका कागदावर पीएनआर, होस्टेलचं नाव आणि नंबर, उतरायचं स्टेशन, परतीची गाडी, आणि ११२ व यूपीची महिला हेल्पलाइन १०९० लिहून फ्रिजवर लाव. फोनची एक वेळ ठरव, रात्री आठ म्हणजे आठ. आणि तिला आधीच सांग की विश्वनाथाला गेले की दोन-तीन तास फोन बंद येईल आणि ट्रेनमध्ये जबलपूरच्या अलीकडे-पलीकडे रेंज जाते. आईची निम्मी काळजी 'फोन लागत नाही' या एका गोष्टीची असते. परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच काढ, आणि धुक्यामुळे परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कॉलेजचं काही ठेवू नको.

आणि आजीसाठी काळभैरवाचा काळा गंडा आण, दोन रुपयांची वस्तू आहे पण तिला कळेल. गंगाजलही मागेलच ती. बनारसी लोक म्हणतात काशीतून गंगाजल नेऊ नये, आपल्याकडच्या आज्या म्हणतात आणल्याशिवाय येऊ नये, तू आजीचंच ऐक. फक्त तो घाटावर मिळणारा सीलबंद तांब्याचा गडू घेतलास तर तीन पिशव्यांत गुंडाळ आणि वरच्या बर्थवर उशाशी ठेवू नको. गळतो. भुसावळपर्यंत खालच्या बर्थवरच्या काकांना गंगास्नान झालेलं असतं.